खाणी आहेत, तेल आहे, तरी गरिबी हटत नाही: अस्थिर देशात काम कुठून सुरू करावं?

प्रश्न असा आहे: एखादा देश यादवीतून नुकताच सावरतो आहे. जमिनीत तांबं, कोबाल्ट, सोनं किंवा तेल आहे आणि त्याचा पैसा सरकारी तिजोरीत येऊ लागला आहे. पण निम्म्याहून अधिक लोक गरीब आहेत आणि राजधानीबाहेर प्रशासन नावापुरतंच उरलं आहे. अशा ठिकाणी पाच-दहा वर्षांत गरिबी खरोखर कमी करायची तर काय करावं आणि कोणत्या क्रमानं?

थोडक्यात उत्तर सांगतो. अशा देशात पैसा कमी असतोच, पण तो गरीब घरापर्यंत नेणाऱ्या वाटा त्याहून कमी असतात. त्यामुळे तिजोरीत किती आलं हे पाहून खर्च ठरवला की तो वाया जातो. किती पोहोचवता येतं हे पाहून ठरवला की टिकतो. पहिली दोन-तीन वर्षं तीन-चार साध्या वाटा बांधण्यात घालवावीत. तोवर उरलेल्या पैशातून महागडं कर्ज फेडावं आणि राखीव रक्कम उभी करावी. लोकांना दाखवण्यासारखं काही लगेच हवं असतं, म्हणून हा क्रम राजकारण्यांना आवडत नाही. तरीही त्यावर ठाम राहावं लागतं.

आधी दरडोई हिशेब

खाणीच्या उत्पन्नाचे आकडे ऐकायला प्रचंड वाटतात. ते लोकसंख्येनं भागून पाहावेत. समजा लोकसंख्या चार कोटी आहे आणि खाणींतून सरकारला वर्षाला १०० कोटी डॉलर मिळतात. म्हणजे माणशी वर्षाला २५ डॉलर, महिन्याला जेमतेम दोन. एवढ्या पैशानं कुणाची गरिबी थेट हटत नाही. पण तोच पैसा शिक्षकाचा पगार, लसीकरण, शेतमाल बाहेर काढणारा रस्ता आणि टंचाईच्या महिन्यांतली मदत यांत नेमका गेला, तर माणूस स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो. बोट्स्वानाचं उदाहरण या चर्चेत नेहमी येतं. पण तिथं हिऱ्यांचं उत्पन्न सुमारे २५ लाख लोकांसाठी आहे आणि देश यादवीतून गेलेला नाही. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात दहा कोटींहून अधिक लोक राहतात. जगभरच्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे ७० टक्के तिथून येतं, तरी माणशी वाटा तुटपुंजाच राहतो.

दुसऱ्या टोकाला पूर्व तिमोर आहे. लोकसंख्या साडेतेरा लाखांच्या घरात आणि २००५ साली कायद्यानं उभारलेल्या पेट्रोलियम निधीत सुमारे १,८०० कोटी डॉलर. माणशी तेरा हजार डॉलरच्या आसपास ही रक्कम जाते. तरीही २०२० च्या पाहणीत पाच वर्षांखालच्या जवळपास निम्म्या मुलांची वाढ खुंटलेली आढळली. निधी प्रामाणिकपणे सांभाळला गेला, हिशेब जाहीर होत राहिले, पण गरोदर बाईच्या ताटापर्यंत जाणारी वाट अरुंदच राहिली. पैसा असणं आणि पैसा पोहोचणं या दोन गोष्टींमधलं अंतर याहून स्पष्ट कुठं दिसणार?

आणखी एक हिशेब काळाचा. खाण सुरू झाल्यावर पहिली पाच-सात वर्षं कंपनी आपली गुंतवणूक वसूल करत असते. घसारा आणि मागील तोटा वजा केला की करपात्र नफा शून्याजवळ येतो, त्यामुळे सरकारच्या हाती मुख्यतः रॉयल्टीच, म्हणजे काढलेल्या मालाच्या किमतीतला ठरावीक हिस्सा, पडते. आश्वासनं आणि कर्जं मात्र साठा सापडला त्या दिवसापासून सुरू होतात. चाडनं २०१३ आणि २०१४ मध्ये ग्लेनकोर या व्यापारी कंपनीकडून भावी तेलाच्या बदल्यात मोठी कर्जं घेतली. २०१४ च्या मध्यावर पिंपाला १०० डॉलरच्या वर असलेलं तेल जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्या खाली गेलं. तेलाच्या पैशातला मोठा भाग परस्पर कर्जफेडीत जाऊ लागला आणि कर्मचाऱ्यांचे पगार थकले. जमिनीखालच्या मालावर कर्ज काढूच नये. काढावंच लागलं, तर भाव पडल्यावर हप्ता आपोआप लांबेल अशी अट करारात लिहून घ्यावी आणि करार पूर्ण प्रसिद्ध करावा. एक्स्ट्रॅक्टिव्ह इंडस्ट्रीज ट्रान्सपरन्सी इनिशिएटिव्ह या खाण-तेल व्यवहारांतल्या पारदर्शकतेसाठीच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचे सदस्य देश १ जानेवारी २०२१ पासून झालेले किंवा बदललेले खाण-तेल करार जाहीर करायला बांधील आहेत, तेव्हा त्यासाठी निमित्त शोधावं लागत नाही.

वसुली वजनकाट्यावर सुरू होते

नवा कर कायदा लिहायला परदेशी सल्लागार आणण्याआधी निर्यातीच्या नाक्यावर वजनकाटा आणि धातूचं प्रमाण तपासणारी प्रयोगशाळा हवी. तांब्याच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये, म्हणजे दगड-माती वेगळी करून उरलेल्या धातूसमृद्ध भुकटीत, साधारण ८ ते १० टक्के ओलावा असतो. ओलं वजन की कोरडं, यावरच मोठा फरक पडतो. दहा हजार टनांच्या खेपेत तांब्याचं प्रमाण एका टक्क्यानं कमी दाखवलं, तर १०० टन तांबं हिशेबातून नाहीसं होतं. त्यात सोनं-चांदी असेल तर तीही मोजायला हवी. जुन्या करारांत अनेकदा फक्त मुख्य धातूच धरलेला असतो. कोबाल्ट हायड्रॉक्साइड या अर्धप्रक्रिया केलेल्या मालात कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्के कोबाल्ट असतं, त्यामुळे 'टन किती' या प्रश्नाला एकट्यानं अर्थ नाही.

क्षमता कमी असेल तर करव्यवस्था साधी ठेवावी. रॉयल्टी आंतरराष्ट्रीय बाजारात जाहीर होणाऱ्या भावावर आकारावी. कंपनीनं आपल्याच भगिनी कंपनीला विकलेल्या मालाचा बिलावरचा भाव ग्राह्य धरू नये. प्रत्येक खाणीचा नफा-तोटा वेगळा धरावा, नाहीतर नव्या खाणीच्या खर्चात जुन्या खाणीचा करपात्र नफा बुडतो. आणखी एक गोष्ट वारंवार राहून जाते: अनेक तेल करारांत कंपनीचा खर्च तपासायचा सरकारचा हक्क दोन-तीन वर्षांत संपतो. तपासनीस नेमायलाच तेवढा वेळ गेला की फुगवलेला खर्च कायमचा मान्य होतो. म्हणून पहिल्याच वर्षी बाहेरची लेखापरीक्षण संस्था नेमावी, तिच्याबरोबर स्थानिक माणसं बसवावीत आणि प्रत्येक कराराची मुदत संपण्याची तारीख एका तक्त्यात लिहून अर्थमंत्र्यांच्या टेबलावर ठेवावी.

किती राखायचं, किती खर्चायचं

इथं चाडचा धडा सविस्तर समजून घेण्यासारखा आहे. डोबाच्या तेलक्षेत्रापासून कॅमेरूनच्या किनाऱ्यापर्यंत १,०७० किलोमीटरची पाइपलाइन जागतिक बँकेच्या पाठिंब्यानं झाली आणि २००३ मध्ये तेल वाहू लागलं. त्याआधी १९९९ साली कायदा झाला होता: थेट उत्पन्नातले १० टक्के भावी पिढ्यांसाठी, उरलेल्यातले ८० टक्के शिक्षण, आरोग्य, ग्रामविकास अशा अग्रक्रमाच्या क्षेत्रांना, १५ टक्के सरकारच्या चालू खर्चाला आणि ५ टक्के तेल निघणाऱ्या प्रदेशाला. देखरेखीसाठी नागरी प्रतिनिधींचाही समावेश असलेलं मंडळ होतं. कागदावर यात खोट काढणं कठीण. पण २००६ च्या सुरुवातीला सरकारनं कायदाच बदलला, भावी पिढ्यांचा निधी रद्द केला आणि अग्रक्रमाच्या यादीत सुरक्षा घातली. २००८ मध्ये कर्ज फेडून घेऊन जागतिक बँक बाहेर पडली.

याचा अर्थ निधी नकोत असा काढू नये. पगार थकलेले आणि सीमेवर बंडखोर असताना, चाळीस वर्षांनंतरच्या पिढीसाठी पैसे बाजूला ठेवणारा कायदा देशात कुणालाच आपला वाटत नव्हता. तेल सुरू झाल्यावर बाहेरच्यांचा दबाव सैल झाला आणि तो टेकूही गेला. म्हणून अस्थिर देशात पहिली राखीव रक्कम जवळच्या संकटासाठी असावी आणि तिचा उपयोग सैनिकापासून शिक्षकापर्यंत सर्वांना कळावा: भाव कोसळला तरी सहा ते नऊ महिने पगार आणि थेट मदत चालू राहील एवढी. दक्षिण सुदानमध्ये सरकारी उत्पन्नाचा सुमारे ९८ टक्के भाग तेलातून येत होता. पाइपलाइनच्या शुल्कावरून सुदानशी वाद झाला आणि जानेवारी २०१२ मध्ये उत्पादन बंद केलं गेलं. ते एप्रिल २०१३ मध्ये पुन्हा सुरू झालं. एवढा काळ तग धरता येईल अशी तयारी किती देशांची असते?

अर्थसंकल्पात भाव धरताना मागील पाच वर्षांची सरासरी घ्यावी आणि तीतून १०-१५ टक्के आणखी वजा करावेत. या अंदाजाहून जास्त आलेला पैसा आधी राखीव रकमेत, मग महागड्या कर्जाच्या फेडीत आणि त्यानंतरच नव्या कामांत. अतिशय गरीब देशानं सगळा पैसा परदेशी रोख्यांत गुंतवून बसावं, हे मला पटत नाही. कुपोषित मुलावर आज केलेला खर्च त्या रोख्यांच्या व्याजाहून कितीतरी अधिक परत देतो. पण तो खर्च प्रत्यक्ष मुलापर्यंत पोहोचला तरच. पोहोचत नसेल तेव्हा कुठं थांबायचं, हे ओळखण्याची खूण आहे. दर तीन महिन्यांनी सिमेंटचं पोतं, लिटरभर डिझेल, गवंड्याची मजुरी आणि एका वर्गखोलीचा खर्च नोंदवावा. हे भाव एकूण महागाईपेक्षा बरेच वेगानं, समजा वर्षात पंचवीस टक्क्यांनी अधिक, चढले तर देशाची बांधण्याची ताकद संपली असं समजावं. त्यापुढचा प्रत्येक डॉलर ठेकेदाराच्या खिशात जातो. अशा वेळी निविदा थांबवून गवंडी, पर्यवेक्षक आणि अभियंते तयार करण्यावर पैसा घालावा.

पैसा घरापर्यंत नेणाऱ्या वाटा

पहिली वाट पगाराची. शिक्षक आणि परिचारिका हे सरकारचं गावातलं एकमेव रूप असतं. त्यांना महिनोन्महिने पगार मिळाला नाही की ते पालकांकडून आणि रुग्णांकडून पैसे घेतात, आणि हा गरिबांवरचा सर्वांत जाचक कर ठरतो. काँगोनं २०१९ मध्ये सरकारी प्राथमिक शिक्षण मोफत केलं. निर्णय योग्य होता आणि लाखो मुलं शाळेत आली. पण हजारो शिक्षक पगारपत्रकावर नव्हतेच, त्यांचं पोट पालकांच्या फीवर चालत होतं. फी बंद झाली, पगार सुरू झाला नाही आणि वर्ग तुडुंब भरले. असा निर्णय घेण्याआधी एक वर्ष पगारपत्रक स्वच्छ करावं लागतं.

ते असं करावं. नवी भरती गोठवावी. शाळा आणि दवाखान्यांची यादी जागेवर जाऊन पक्की करावी. एकेका जिल्ह्यात, पगाराच्या दिवशीच, बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन हजेरी करावी, म्हणजे एकच माणूस दोन ठिकाणी उभा राहू शकत नाही. जे आले नाहीत त्यांची नावं लगेच कापू नयेत. यादी लावून ६० दिवस हरकतींसाठी द्यावेत. घाई केली की बोगस नावं पळवाट शोधतात आणि चार दिवसांच्या पायवाटेवरचा खरा शिक्षक मात्र गळतो. पगार बँकेतून द्यायचं ठरवल्यावरही हाच माणूस अडचणीत येतो, कारण शाखा शहरात असते. काँगोत दुर्गम भागातल्या शिक्षकांचे पगार पोहोचवायला कॅरिटाससारख्या चर्चच्या संस्थेची मदत घ्यावी लागली. मोबाइलवरून पैसे पाठवणं सोपं असतं. पण पगाराच्या दिवशी गावातल्या एजंटकडे तेवढी रोकड नसते आणि मग तो जादा कमिशन कापतो. यावर उपाय साधा आहे: जिल्हावार तारखा दहा दिवसांत विभागाव्यात आणि एजंटला आधी रोकड उचलायला छोटं कर्ज द्यावं.

सैनिकांचा पगारही गरिबीचाच विषय आहे. पगार न मिळालेला सैनिक रस्त्यावर बांबू आडवा टाकून शेतकऱ्याच्या सायकलवरच्या पोत्यामागे पैसे घेतो. असे पाच-सहा नाके ओलांडून बाजारात जायचं म्हटल्यावर जादा पिकवण्यात कुणालाच अर्थ वाटत नाही. काँगोत २००५ पासून युरोपीय संघाच्या मदत मोहिमेनं पगाराची साखळी हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यांच्या साखळीपासून वेगळी करण्याचं काम केलं आणि सैनिकांची ठशांसह गणना केली. पैसे कमांडरच्या हातातून जाणं बंद होणं, हे कोणत्याही कृषी योजनेइतकंच महत्त्वाचं.

दुसरी वाट शाळा आणि दवाखान्यांना थेट अनुदानाची. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात युगांडात शाळांसाठी मंजूर होणाऱ्या दरडोई अनुदानातले सरासरी १३ टक्केच शाळांपर्यंत पोहोचत असल्याचं पाहणीत दिसलं. बाकीचे जिल्हा पातळीवर अडकत. मग प्रत्येक जिल्ह्याला गेलेली रक्कम वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळेच्या भिंतीवर लावायला सुरुवात झाली आणि गळती खूपच घटली. त्याच काळात इतर सुधारणाही झाल्या होत्या, तेव्हा सगळं श्रेय फलकाला देऊ नये. पण फलक स्वस्त आहे आणि रेडिओ त्याहून परिणामकारक: शाळेचं नाव, रक्कम, तारीख, स्थानिक भाषेत, बाजाराच्या दिवशी. रक्कम लहान ठेवावी, वर्षातून दोनदा द्यावी आणि खर्चाचे नियम एका पानात बसावेत. औषधांसाठी मात्र रोख अनुदान चालत नाही. ती एकत्र खरेदी करून पोहोचवलेलीच बरी, नाहीतर गावात नकली गोळ्या येतात.

तिसरी वाट ग्रामनिधीची. अफगाणिस्तानात २००३ पासून चाललेल्या राष्ट्रीय एकात्मता कार्यक्रमात कुटुंबामागे २०० डॉलर आणि गावाला कमाल ६० हजार डॉलर असं सूत्र होतं. गावानं निवडलेली समिती काम ठरवत असे. पिण्याचं पाणी आणि वीज यांत फरक पडला. कुटुंबांच्या उत्पन्नावरचा परिणाम मात्र फारसा दिसला नाही. यावरून अपेक्षा नेमक्या ठेवाव्यात. ग्रामनिधीतून विहीर, मोरी, दवाखान्याची खोली मिळते, रोजगार मिळत नाही. हप्ते तीन असावेत: सुमारे निम्मी रक्कम सुरुवातीला, चाळीस टक्के प्रत्यक्ष काम पाहून आणि शेवटचे दहा टक्के गावसभेत हिशेब वाचून झाल्यावर. पंधरा-वीस गावांमागे एक तंत्रज्ञ हवाच. हे काम फसतं ते देखभालीत. हातपंपाचं वायसर आणि साखळी जवळच्या बाजारात मिळत नसेल तर वर्ष-दीड वर्षात पंप बंद पडतो, म्हणून देशभर पंपाचा एकच नमुना ठरवावा.

चौथी वाट थेट रोख मदतीची. सर्वाधिक वाद इथंच होतात, आणि तेही बहुधा 'खरे गरीब' कसे निवडायचे यावर. घराचं छप्पर, जनावरं, भांडी मोजून गुण देण्याची पद्धत कागदावर शास्त्रीय वाटते. पण जिथं दहांतली सहा-सात कुटुंबं गरीब आहेत, तिथं सहाव्या आणि आठव्या कुटुंबात जो फरक असतो, त्याहून मोजणीतली चूक मोठी असते. यादवीनंतरच्या गावात शेजाऱ्याला मिळालं आणि मला नाही, याचं स्पष्टीकरण कुणी देऊ शकत नाही. लोक ते जातीजमातीच्या चष्म्यातून पाहतात. म्हणून आधी सर्वांत गरीब जिल्हे निवडावेत आणि तिथं सहज पडताळता येईल असा निकष लावावा: गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल असलेली आई, ठरावीक वयावरचे वृद्ध. रक्कम गरीब कुटुंबाच्या मासिक खर्चाच्या १५ ते २० टक्के असावी. याहून कमी असली तर खर्चात विरून जाते, याहून जास्त असली तर पुढारी यादीत घुसतात. दर दोन महिन्यांनी द्यावी, आणि पेरणी ते काढणी दरम्यानच्या टंचाईच्या महिन्यांत एक हप्ता जादा. ओळखपत्र नसणाऱ्यांना नाकारू नये; नोंदणीच्या दिवशीच फोटो आणि क्रमांक असलेलं कार्ड द्यावं. ज्या भागात पावसाळ्यात व्यापाऱ्याचा ट्रकच पोहोचत नाही, तिथं रोख दिली की धान्याचा भाव चढतो. तिथं आधी रस्ता करावा, तोवर धान्य द्यावं.

माजी लढवय्यांना द्यायची रक्कम हा वेगळा खर्च आहे. शांतता टिकवायला तो करावा लागतो, हे मान्य करूनच चालावं. पण यादी एका तारखेला बंद व्हावी आणि हक्क वारसाकडे जाणार की नाही हे आधी लिहावं. पूर्व तिमोरमध्ये स्वातंत्र्यलढ्यातल्या सैनिकांच्या निवृत्तिवेतनावर गरीब मातांच्या 'बोल्सा दा माय' योजनेपेक्षा कितीतरी अधिक खर्च होत राहिला आहे. एकदा सुरू झालेली अशी रक्कम कमी करणं जवळजवळ अशक्य असतं.

इंधनाचं अनुदान: क्रम चुकला की काय होतं

तेल निघणारे देश पेट्रोल स्वस्त विकतात आणि त्याचा मोठा फायदा गाडीवाल्यांना होतो. ते अनुदान काढून गरिबांना रोख देणं तत्त्वतः बरोबरच आहे. नायजेरियानं मे २०२३ च्या अखेरीस ते एका झटक्यात काढलं. पंपावरचा भाव दुपटीवर, तिपटीवर गेला आणि बसभाडं, धान्य सगळंच महागलं. दीड कोटी कुटुंबांना तीन महिने २५ हजार नायरा देण्याची योजना ऑक्टोबरमध्ये जाहीर झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये गैरव्यवहाराच्या चौकशीत थांबली. इराणनं डिसेंबर २०१० मध्ये उलट क्रम लावला होता: घरोघरची खाती आधी उघडली, माणशी ४,५५,००० रियालच्या हिशेबानं रक्कम आधीच जमा केली आणि भाव वाढले तेव्हा ती काढण्याची मुभा दिली. पुढे महागाईनं त्या रकमेची किंमत झिजली, पण पहिल्या दिवशी लोकांच्या हातात पैसे होते. पोहोचवण्याची वाट आधी, भाववाढ नंतर.

शेती आणि रस्ते

मोठ्या खाणीत किंवा तेलक्षेत्रात कायमचे रोजगार थोडे असतात. गरीब माणूस शेतात किंवा फुटकळ व्यापारात असतो. खाणीचे डॉलर देशात आले की स्थानिक चलन महागतं, आयात तांदूळ स्वस्त होतो आणि शेतकऱ्याचा माल पडून राहतो. सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा वाढला तसतशी नायजेरियाची भुईमूग, पामतेल आणि कोकोची निर्यात कोसळली. यावर आयातबंदी हा उपाय नाही. त्यानं तस्करी वाढते आणि शहरी गरिबाचं ताट महागतं. खर्च हळूहळू वाढवणं आणि शेतमालाचा वाहतूकखर्च उतरवणं, हे दोन उपाय खरोखर लागू पडतात.

रस्त्यांबाबत अख्खा रस्ता डांबरी करण्याचा हट्ट सोडावा. वाहन अडतं ते ठरावीक जागी: ओढ्यावर, चिकणमातीच्या पट्ट्यात, चढावर. तेवढ्याच जागी मोऱ्या, फरशी पूल आणि मुरूम टाकला तर त्याच पैशात कितीतरी लांब रस्ता बारमाही होतो. ही कामं माणसांकडून करून घ्यावीत. खर्चातला पन्नास-साठ टक्के भाग मजुरीत जावा आणि मजुरी स्थानिक शेतमजुरीच्या किंचित खाली ठेवावी, म्हणजे ज्याला खरोखर गरज आहे तोच येतो आणि पेरणीला मजूर कमी पडत नाहीत. चर आणि मोरी साफ ठेवायला प्रत्येक दोन-तीन किलोमीटरला एका कुटुंबाला वर्षभराचा छोटा करार द्यावा. पहिल्या पावसाळ्यात चर तुंबला की सगळी मेहनत वाहून जाते. खाण कंपनीला अंडी, भाजी, गणवेश, वाहतूक स्थानिकांकडून घ्यायला लावता येतं. पण त्यासाठी कंपनीनं बिल तीस दिवसांत चुकवण्याची अट हवी. नव्वद दिवस थांबण्याइतकं भांडवल लहान पुरवठादाराकडे नसतं.

हातानं खणणाऱ्यांना गुन्हेगार ठरवू नका

जगभरात चार कोटींहून अधिक लोक फावडं-पहार घेऊन हातानं खाणकाम करतात. अस्थिर देशांत शेतीनंतर गरिबांचा हाच मोठा आधार असतो. सप्टेंबर २०१० मध्ये काँगोनं पूर्वेकडच्या तीन प्रांतांत अशा खाणकामावर बंदी घातली आणि मार्च २०११ मध्ये उठवली. मधल्या काळात सशस्त्र टोळ्या संपल्या नाहीत, मजुरांची आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या बाजारांची कमाई मात्र गेली.

करायचं ते असं: खनिज खरंच आहे अशा जागा हातानं खणणाऱ्यांसाठी राखून ठेवाव्यात. बहुतेक वेळा उरलेली नापीक जागा दिली जाते आणि मग लोक कंपनीच्या हद्दीत घुसतात. परवाना जिल्ह्याच्या गावी मिळावा, शुल्क परवडणारं असावं. खरेदी केंद्रावर तपासलेला काटा आणि त्या दिवसाचा भाव फळ्यावर असावा. निर्यातकर शेजारी देशापेक्षा जास्त ठेवू नये, कारण सोनं आणि हिरे खिशातून सीमेपार जातात. सिएरा लिओननं हिऱ्यांवरचा निर्यातकर ३ टक्क्यांवर ठेवला आणि २००१ पासून त्यातला पाऊण टक्का खाणकाम होणाऱ्या भागांच्या सामुदायिक निधीला दिला. वैध निर्यात वाढली की तुझ्या भागाला पैसे, हा हिशेब मुखियांना लगेच कळतो. सहकारी संस्था सक्तीच्या केल्या तर एक सावधगिरी बाळगावी: त्यांचे अध्यक्ष बहुधा अधिकारी किंवा व्यापारी निघतात. सदस्यांची यादी आणि मालकी जाहीर करायला लावावी.

खाण असलेल्या प्रदेशाला वाटा द्यावाच लागतो. काँगोच्या २०१८ च्या सुधारित खाण कायद्यात रॉयल्टीचे ५० टक्के केंद्राला, २५ प्रांताला, १५ स्थानिक संस्थेला आणि १० भावी पिढ्यांच्या निधीला असं वाटप आहे. यात अडचण स्थानिक पातळीवर येते. हद्दीवरून भांडणं होतात, आणि चार कर्मचारी असलेल्या संस्थेवर एकाएकी लाखो डॉलर येऊन पडतात. गिनीनं दुसरा मार्ग घेतला: खाण करांतला १५ टक्के भाग राष्ट्रीय निधीतून देशभरच्या स्थानिक संस्थांना. माझा कल मिश्र पद्धतीकडे आहे. धूळ, पाणी आणि जमिनीचं नुकसान सोसणाऱ्या भागाला ठरावीक हिस्सा, त्याहून मोठा हिस्सा साऱ्या गावांना माणशी सारखा आणि दोन्ही रकमा तिमाहीला रेडिओवर.

भाव कोसळेल तेव्हा

तो कोसळणारच, फक्त केव्हा ते माहीत नसतं. म्हणून कपातीचा क्रम शांत वेळीच लिहून संसदेत मंजूर करून घ्यावा. सर्वांत आधी सुरू न झालेल्या इमारती, मंत्रालयाच्या गाड्या, परदेश दौरे. मग अर्ध्याहून कमी झालेली मोठी बांधकामं थांबवावीत. नव्वद टक्के झालेली पूर्ण करावीत, कारण अर्धवट पूल काहीच परत देत नाही. त्यानंतर नवी भरती. रस्त्यांची देखभाल शक्यतो हलवू नये, कारण ती दोन वर्षं चुकली की पुन्हा बांधण्याचा खर्च येतो. शिक्षक, परिचारिका आणि सैनिकांचे पगार, दवाखान्याची औषधं आणि मातांची रोख मदत शेवटपर्यंत चालू ठेवावी, आणि त्यासाठी राखीव रक्कम वापरावी. या काळात पाच वर्षांनी होणाऱ्या पाहणीची वाट पाहून भागत नाही. मुलांचा दंडघेर (दंडाचा घेर, ज्यावरून कुपोषण ओळखता येतं), बाजारातला मक्याचा किंवा तांदळाचा भाव आणि कुटुंबं दिवसाला किती वेळा जेवतात, या तीन गोष्टी निवडक गावांतून दर महिन्याला फोनवरून मागवाव्यात. आकडे ज्या जिल्ह्यात बिघडताना दिसतील, तिथं रोख मदतीचा जादा हप्ता त्याच महिन्यात सोडावा.